मदत हवी आहे: कोल्हापुरात दोन दिवस, मॅच + पन्हाळा + तांबडा-पांढरा, वेळ बसत नाहीये

मागचा_बाक
कृपया लवकर उत्तर द्या, आज रात्री ग्रुपवर प्लॅन टाकायचाय. आम्ही मित्र शनिवार-रविवार कोल्हापूरला चाललोय. मॅच बघायची, पन्हाळा करायचा, मटण खायचं. तिन्ही गोष्टी ठरल्यात, फक्त क्रम लागत नाहीये. मॅच दुपारी असेल तर पन्हाळा कधी? पन्हाळा सकाळी केला तर मिसळ राहते. रविवारी रात्री घरी पोचायलाच हवं. नेटवर सगळीकडे तीच दहा ठिकाणं फिरवून फिरवून लिहिलीत. जे खरंच जाऊन आलेत त्यांनी सांगा. हॉटेल बुक झालंय, त्याबद्दल सल्ला नको.

खाऊगल्ली
मिसळ राहते म्हणजे काय? मिसळ सकाळीच खायची. उद्यमनगरात फडतरे, नाहीतर चोरगे, नाहीतर बावडा. नऊच्या आत जाऊन बसा, दुपारपर्यंत थांबाल तर संपलेली असते. तिथे पुण्यासारखा पाव मिळत नाही, स्लाइस ब्रेड येतो. वरून कट मागून घ्या, संकोच करू नका. पन्हाळ्याचं नंतर बघू.

सातारकरीण
अहो, कुठून निघणार, किती जण, गाडी की रेल्वे, कोणता शनिवार? 'घरी' म्हणजे पुणे की नागपूर? यातलं काहीच लिहिलेलं नाही. महामार्गाचं सहापदरीकरण चालू आहे, त्यामुळे पुणे ते कोल्हापूर हे सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर कधी चार तासांत होतात, कधी सहा लागतात. निघायची वेळ कळल्याशिवाय क्रम कसा लावणार?

कृष्णाकाठ
मॅच म्हणजे कुस्तीचं मैदान म्हणताय असं धरून लिहितो. खासबाग मैदान नक्की बघा. शाहू महाराजांनी १९१२ साली बांधून घेतलं. मध्ये गोल हौदा, म्हणजे कुस्तीचा आखाडा, आणि भोवती चढत गेलेली बैठक, मागच्या माणसालाही पट काढलेला स्पष्ट दिसतो. पण मैदान रोज नसतं. त्यापेक्षा पहाटे तालमीत जा. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी, कुठेही. मी मागच्या वर्षी साडेपाचला गंगावेस तालमीत गेलो होतो. पोरं फावड्यानं माती उकरत होती. लाल मातीत ताक, तेल, हळद, लिंबू मुरलेलं असतं, दारातच तो वास येतो. एक जण जोर मारत होता, त्याच्या पाठीवरचा घाम मातीत पडून बारीक खड्डे होत होते. वस्तादांना विचारून आत जायचं, चपला बाहेर, फोटो विचारल्याशिवाय नाही. खाशाबा जाधव कोल्हापुरातच शिकले आणि १९५२ला हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आले. तुमच्यातल्या प्रत्येकाने ही माती एकदा हातात घेऊन बघावी असं मला मनापासून वाटतं.

मागचा_बाक
कुस्ती नाही हो, फुटबॉल! कोल्हापूर म्हटल्यावर कळेल असं वाटलं. सात जण आहोत. चौघं पुण्याचे, तिघं ठाण्याचे, ते शुक्रवारी रात्री पुण्यात येऊन राहतील. एक इनोव्हा. पण तालमीचं चांगलं सांगितलंत, घेतो त्यात. क्रम सांगा ना कोणीतरी.

रानवाट
सात तरुण माणसं आणि गाडीतून पन्हाळा? पन्हाळा ते पावनखिंड चाला. १२ जुलै १६६०च्या रात्री महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटले ती वाट. राजदिंडीतून उतरायचं, म्हसाई पठार, पुढे जंगल, चिखल, ओढे. पन्नास किलोमीटरच्या वर आहे, दोन दिवस लागतात. आम्ही पाच वेळा केलंय. दुसऱ्या दिवशी खिंडीत उभं राहिल्यावर मॅच वगैरे काही आठवत नाही.

पेठेतला
रानवाट, ती मोहीम जुलैची. आणि यांना मॅच बघायचीय असं दोनदा लिहिलंय त्यांनी.

मागचा_बाक, आता माझं ऐका. सामने शाहू स्टेडियमवर, दुपारनंतर. हंगाम थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, बहुतेक संघ तालमीचे नाहीतर मंडळाचे, म्हणजे तुमच्या शेजारी बसलेला माणूस त्याच गल्लीतला. सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात २०१७ला भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव आमचाच. पण रोज सामना असतोच असं नाही, आणि कुणाचा कुणाशी हे फार आधी कळत नाही. स्थानिक पेपरात क्रीडा पानावर येतं. त्यामुळं मॅच धरून प्लॅन करू नका, प्लॅन असा करा की मॅच असली तर बसेल. तारीख सांगा भावा, तारीख महत्त्वाची आहे.

मालवणी_तिरफळ
एवढे कष्ट कशाला? तारकर्लीला या. स्कूबा हा पण खेळच, सिंधुदुर्ग किल्ला समोर आणि सुरमईचं जेवण. तिन्ही गोष्टी एका ठिकाणी.

सातारकरीण
पुण्याहून दोन दिवसांत मालवण म्हणजे त्यातला एक दिवस गाडीतच जाणार. त्यांनी कोल्हापूर ठरवलंय, ठिकाण विचारलेलंच नाही.

मागचा_बाक
३१ जानेवारी शनिवार, १ फेब्रुवारी रविवार. तारखेनं काय फरक पडतो? हॉटेलची रूम शनिवारी दुपारी बाराला मिळणार आहे.

पेठेतला
खूप फरक पडतो. ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी म्हणजे अंबाबाईचा किरणोत्सव. देऊळ पश्चिमेकडं तोंड करून आहे. मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात. पहिल्या दिवशी पायावर, दुसऱ्या दिवशी अंगावर, तिसऱ्या दिवशी मुखावर. हे वर्षातून दोनदा, परत नोव्हेंबरात ९, १० आणि ११ला. ढग आले किंवा मधल्या इमारतींची अडचण झाली तर किरण पायाशीच थांबतात, पण तरी संध्याकाळी सगळं गाव देवळाकडं येतं. गाडी देवळाजवळ नेऊच नका, बिंदू चौकात लावा आणि चालत जा.

मी लहानपणी आज्जीच्या कडेवर बसून बघितलंय. दिवे बंद करतात, सगळे गप्प होतात आणि उजेडाची तांबूस पट्टी उंबऱ्यावरनं हळूहळू पुढं सरकते. त्या दिवशी गावात असून ते चुकवू नका.

प्रवासी_पक्षी
मग एक आठवडा पुढे ढकला ना. सणाच्या गर्दीत मी कधीच जात नाही. मागे एका लॉजने आमचं बुकिंग आयत्या वेळी रद्द करून खोली दुसऱ्याला दिली होती, बायको-मुलांसह रात्री अकरा वाजता रस्त्यावर होतो. हॉटेलला आत्ताच फोन करून पुन्हा खात्री करून घ्या.

मागचा_बाक
पुढे ढकलता येणार नाही. आमच्यातला एक जण बोटीवर असतो, ४ तारखेला परत जॉइन होणार. मग आठ महिने भेट नाही. कॉलेजच्या टीमचा तो गोलकीपर, त्याच्यासाठीच मॅच. हॉटेलला फोन केला, बुकिंग आहे. धन्यवाद.

आणखी एक लिहायचं राहिलं. एकाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय नोव्हेंबरात. चालतो, पण पायऱ्या त्रास देतात. आणि दोघं शनिवारी मांसाहार करत नाहीत.

सातारकरीण
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं बरं का. मटण रविवारी दुपारी हे आपोआप ठरलं. फक्त एक, १ फेब्रुवारीला माघी पौर्णिमा आहे. त्या दोघांना विचारून घ्या.

खाऊगल्ली
शनिवारी रात्री बाकीच्यांनी मटण आणि त्या दोघांनी अख्खा मसूर-रोटी! आमच्याकडचा अख्खा मसूर खाल्लाय का कधी?

मागचा_बाक
विचारलं. दोघांनाही पौर्णिमा चालते, शनिवार चालत नाही. वेगळं वेगळं नाही खायचं, सात जणांनी एकत्र बसायचंय. रविवारच.

कोपेश्वरभक्त
कोणीच खिद्रापूर कसं सुचवलं नाही? कृष्णेकाठी, कोल्हापूरपासून साधारण साठ किलोमीटर. कोपेश्वराच्या स्वर्गमंडपाला ४८ खांब आणि वर छतात गोल मोकळं आकाश. खाली त्याच मापाची गोल शिळा. तिथे उभं राहून वर बघा. पायऱ्यांचा त्रासही नाही.

रानवाट
गुडघ्याचं माहीत नव्हतं. मग माझा सल्ला मागे घेतो. पन्हाळ्यावर गाडी थेट वर जाते. तीन दरवाजा, शेजारची अंधारबाव, सज्जा कोठी, अंबरखाना, सगळीकडे जवळपर्यंत गाडी नेता येते. अंधारबावीच्या पायऱ्या त्याला उतरू देऊ नका. अंबरखान्यात गंगा, यमुना, सरस्वती अशी तीन धान्याची कोठारं आहेत, आत आवाज देऊन बघा. सज्जा कोठीत संभाजीराजांना ठेवलं होतं. तिथून खालचं खोरं दिसतं, मित्राला तिथे निवांत बसू द्या.

पेठेतला
आता सगळं कळलं, लिहितो.

शनिवारी पहाटे चारला पुणे सोडा. नऊच्या आत मिसळ, खाऊगल्लीनं सांगितलेल्यापैकी कुठलीही, त्यात मी पडत नाही. तिथनंच थेट पन्हाळा, वीस-बावीस किलोमीटर. रूमची वाट बघत बसू नका, सामान गाडीत राहू द्या. दुपारी गडावरच बायका झुणका-भाकरी देतात, दह्याबरोबर, चुलीवरची भाकरी असते. त्या दोघांचा शनिवारही सांभाळला जातो. तीनला खाली या, रूम घ्या, अंघोळी करा, पाचच्या आत देवळात. गाभाऱ्यापर्यंत नाही पोचलात तरी बाहेर पडद्यावर दाखवतात. मग रात्री गंगावेशीत दूध कट्टा. म्हशी तिथंच बांधलेल्या असतात, तुमच्यासमोर धार काढून ग्लास हातात देतात. धारोष्ण, वर चार बोटं फेस, ग्लास हाताला कोमट लागतो. मिशीला फेस लागू दे, पुसायचा नाही लगेच.

रविवारी पहाटे कृष्णाकाठनी सांगितलेली तालीम. मग न्यू पॅलेसचं संग्रहालय किंवा रंकाळ्याला फेरी, दोन्ही करू नका. बाराला मटणाला बसा, रविवार आहे, एक वाजल्यानंतर रांग लागते. मॅच असली तर जेवून स्टेडियम. खिद्रापूर चांगलंच आहे, पण मॅच नसली तरच.

अडचण एकच, मॅच बघून निघालात तर पुणं रात्री अकरा आणि ठाणं पहाट. ठाण्याच्या तिघांनी गाडीनं जाऊच नये. रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस पकडा. झोपून जायचं, सकाळी कल्याणला उतरून लोकलनं ठाणं.

मागचा_बाक
हेच हवं होतं! रेल्वेचं डोक्यातच आलं नाही. पण तिघांनी 'रविवारी रात्री घरी' म्हटलं होतं, सोमवारी ऑफिस आहे.

सातारकरीण
रात्री एक वाजता एक्सप्रेस हायवेवर पेंगत गाडी हाकण्यापेक्षा सकाळी बर्थवरून उतरलेलं बरं. अर्धा दिवस रजा टाकायला सांगा.

सीमेपलीकडची
मी बेळगावची. जरा विषयांतर, पांढरा रस्सा घरी केला तर फुटतो, काय चुकतं?

खाऊगल्ली
नारळाचं दूध घातल्यावर खळखळून उकळी आणत असणार तुम्ही. मटणाचं आळणी, म्हणजे मटण शिजवलेलं पाणी, आधी तयार ठेवा. काजू, खसखस, पांढरे तीळ वाटून त्यात शिजू द्या, नारळाचं दूध सगळ्यात शेवटी, मंद आचेवर, सारखं ढवळत. वाफ आली की बंद. आणि तिखट मिरचीपूड नाही घालायची, लवंग-मिरीचाच झणका.

कृष्णाकाठ
आमच्याकडे तीळ घालत नाहीत.

खाऊगल्ली
म्हणून तुमच्याकडचा पातळ लागतो.

मागचा_बाक
तिघांची महालक्ष्मीची तिकिटं काढली, दोन कन्फर्म, एक आरएसी. ग्रुपवर प्लॅन टाकलाय. गोलकीपरचा मेसेज आला, त्याने घरातले जुने ग्लोव्हज शोधून काढलेत, म्हणतो स्टेडियममध्ये घालून बसणार. पेठेतला, रविवारचा सामना कळला तर इथे लिहाल का? आम्हाला तिकडचा पेपर मिळत नाही.

पेठेतला
लिहितो. शुक्रवारी सकाळपासून बघत राहा. आणि त्याला सांगा, दोन्ही गोलच्या मागं बसायची जागा चारच्या आत भरते.