मदत हवी आहे: दाढ काढली, कळ तशीच

नमस्कार मंडळी. आईच्या उजव्या गालात वर्षभर वीज चमकल्यासारखी कळ येते. दात घासताना, तोंड धुताना, कधी नुसता वारा लागला तरी. काही सेकंदच, पण ती जागच्या जागी थिजते. आधी दाढेचं रूट कॅनल झालं, मग ती दाढच काढली. दाढ गेली, कळ राहिली! शेवटी न्यूरॉलॉजिस्टनी ट्रायजेमिनल न्यूराल्जिया, म्हणजे चेहऱ्याच्या नसेचं दुखणं, सांगितलं. एमआरआयमध्ये रक्तवाहिनी नसेला टेकलेली दिसते.

कार्बामाझेपीन या गोळीने कळा बऱ्याच कमी झाल्या, पण दिवसभर गुंगी असते, आणि रक्तातलं सोडियमही घसरलंय. डोस वाढवायला डॉक्टर तयार नाहीत, जे बरोबरच आहे.

वाचता वाचता सुझेट्रिजिन हे नवं वेदनाशामक सापडलं. अमेरिकेत जानेवारी २०२५ मध्ये त्याला मंजुरी मिळाली, पण ती तात्पुरत्या, तीव्र वेदनेसाठी. नसांमधली वेदना वाहून नेणारी एनएव्ही १.८ ही एकच सोडियम वाहिनी (पेशीत सोडियम आत सोडणारं दार) ते अडवतं, म्हणून मेंदूवर गुंगी येत नाही म्हणे. (दाताचं भुलीचं इंजेक्शनही सोडियम वाहिन्याच अडवतं, फक्त सगळ्याच, सरसकट. हे मला आत्ता कळलं.)

चेहऱ्याच्या नसेच्या दुखण्यावर अशा औषधाच्या चाचण्यांबद्दल कुणी वाचलंय का? कार्बामाझेपीनऐवजी तिच्याच जातीच्या ऑक्सकार्बाझेपीनवर बदलून कुणाची गुंगी कमी झाली का? त्यानेही सोडियम घसरतं, हे माहीत आहे. आणि मायक्रोव्हॅस्क्युलर डीकम्प्रेशन (रक्तवाहिनी नसेपासून दूर करण्याचं ऑपरेशन) साठीनंतर कुणी करून घेतलंय? आई ऑपरेशनचं नाव काढू देत नाही.

लवंगतेल सुचवू नका, दाढच उरलेली नाही.