टीव्ही नवा, नेट फुल्ल, तरी संध्याकाळी गोल फिरायलंय. मदत हवी आहे (अर्जंट)

केजचा_शेतकरी
राम राम मंडळी. दसऱ्याला अंबाजोगाईहून ३२ इंची स्मार्ट टीव्ही आणला. जुन्या डिशचं रिचार्ज बंद केलं. आता सगळं नेटवरच येतंय, महिन्याला पैसे कशाला घालायचे, असं मीच घरात सांगितलं होतं. पण रोज संध्याकाळी साडेसातच्या आसपास पडद्यावर गोल फिरायला लागतं ते फिरतच बसतं. आण्णांच्या बातम्या ऐन टायमाला बंद. "तुझा टीव्ही रानात नेऊन बुजगावणं म्हणून उभा कर" म्हणाले काल. टीव्ही बदलून घ्यावा का? दुकानदार म्हणतो टीव्हीत काही खराबी नाही, नेट बघा. नेट तर फुल्ल आहे. लवकर सांगा, आज पण साडेसात वाजणार आहेत.

वायरमन_लातूर
कुठलं अ‍ॅप लावता? राऊटर टीव्हीपासून किती लांब आहे? मध्ये जुनी दगडी भिंत आहे का? आपल्याकडच्या वाड्याच्या भिंती दोन-दोन हात जाड, त्यातून पाच गिगाहर्ट्झचं वायफाय पार होत नाही. २.४ वर टाकून बघा, ते लांब जातं. आणि राऊटरवर लाल दिवा लागतोय का तेवढं सांगा. लाल असेल तर कुठंतरी वायर तुटलीय, मग टीव्हीला शिव्या घालून उपयोग नाही.

पिक्चरवेडा_संभाजीनगर
३२ इंच आता कोण घेतं? ४३ च्या खाली जायचंच नाही. आवाजाला वेगळा साऊंडबार घ्या. मी घेतलाय, भिंती हलतात.

केजचा_शेतकरी
@पिक्चरवेडा कुठला घ्यावा हे विचारलंच नाही दादा, घेऊन झालाय.
@वायरमन अ‍ॅप म्हणजे यूट्यूबच, त्यावर बातम्या लाईव्ह असतात. राऊटर बिऊटर काही नाही आमच्याकडं. चार काड्या फुल्ल असतात.

वायरमन_लातूर
काड्या? म्हणजे नेट मोबाईलचं? हे आधी सांगायचं ना राव. मी तुमच्या भिंती फोडायला निघालो होतो.

केजचा_शेतकरी
मोबाईलचंच. हॉटस्पॉट चालू करून फोन टीव्हीजवळ ठेवतो. गावात सगळ्यांचं तेच आहे, त्यात सांगायचं काय?

जुने_गुरुजी
आम्ही उदगीरचे. १९७५ साली उपग्रहाचा टीव्ही खेड्यात आला तो 'साईट' प्रयोगातून. सहा राज्यांतली २४०० गावं, वर अमेरिकेचा एटीएस-६ उपग्रह. सीमेपलीकडं गुलबर्ग्याच्या बाजूला गावांत टीव्ही लागलाय असं ऐकायचो आणि हळहळायचो, कारण महाराष्ट्र त्या यादीत नव्हता. वर्षभरानं अमेरिकेनं उपग्रह हलवला आणि तिकडचेही पडदे काळे झाले. ही गोष्ट सांगायचं कारण असं की तुम्ही घरातली चालती डिश बंद करून एका मोबाईलच्या भरवशावर सगळं घर बसवलंय. दूरदर्शनची फ्री डिश २००४ पासून आहे. एकदा बॉक्स घेतला की महिन्याला छदाम नाही. सह्याद्री दिसतं, बातम्या दिसतात. आण्णांना आणखी काय पाहिजे?

नांदेडचा_पंकज
गुरुजी, फ्री डिशवरचे खासगी चॅनल लिलावात जागा घेऊन येतात. २०१९ ला मोठे हिंदी चॅनल निघून गेले, २०२० ला परत आले, २०२२ ला पुन्हा गेले. आमच्या मावशीची मालिका अर्ध्यात अडकली, ती अजून विचारते पुढं काय झालं म्हणून. डिशचा जमाना संपला. फायबर घ्या, विषय संपवा.

जुने_गुरुजी
मावशींची मालिका गेली असेल, सह्याद्री कुठं गेलंय का ते सांगा.

धोंडीराम_हिंगोली
संध्याकाळी व्होल्टेज पडत असेल. सगळे एकदम दिवे, मोटारी चालू करतात. स्टॅबिलायझर लावा. माझा फ्रिज असाच गेला. कॉम्प्रेसर बदलायला जे पैसे सांगितले त्यात शेळी आली असती.

वायरमन_लातूर
व्होल्टेज पडलं तर टीव्ही बंद पडेल हो, गोल कशाला फिरेल.

केजचा_शेतकरी
लाईट बरोबर आहे. मला वाटतं टॉवरवर गर्दी होत असणार. कारण रात्री बारानंतर लावला तर लोण्यासारखं चालतं. पण बारा वाजता आण्णा बातम्या बघणार का?

चिकित्सक_परभणी
थांबा, बारानंतर? किती वाजता सुरळीत होतं, नेमकं सांगा. आणि आज गोल फिरायला लागलं की त्याच फोनवर स्पीड टेस्ट करा, आकडा इथं टाका. बाकीच्यांनी तोवर टीव्ही विकू नका.

भविष्यवेध
तुम्ही सगळे मागच्याच गोष्टीत अडकलात. पुढं डीटूएम येतंय. टीव्हीचं प्रक्षेपण थेट फोनमध्ये, रेडिओसारखं, नेट नाही, सिमकार्ड नाही. आयआयटी कानपूर आणि सांख्य लॅब्स यांनी त्यावर काम केलंय. डिश पण नको, फायबर पण नको.

नांदेडचा_पंकज
त्याला फोनमध्ये वेगळी चिप लागते. तुमच्या फोनमध्ये आहे का? नाही ना. मग आण्णांच्या आजच्या बातम्यांना त्याचा उपयोग काय?

भविष्यवेध
२०१६ च्या सप्टेंबरात जिओ सुरू झालं तेव्हाही लोक "खेड्यात कोण नेट बघणार" म्हणत होते.

स्वस्त_मस्त_टीव्ही
[सगळे पेड चॅनल एका बॉक्समध्ये विकण्याची जाहिरात होती. चोरीचं प्रक्षेपण इथं चालणार नाही. प्रतिसाद काढला आहे. – व्यवस्थापक]

पिक्चरवेडा_संभाजीनगर
काढायच्या आधी नंबर दिसला होता का कुणाला? गंमत करतोय.

केजचा_शेतकरी
आत्ता ७:३४. गोल फिरायलंय. टेस्ट केली, ०.०६ आलं. काड्या चारच्या चार आहेत. आण्णा खाटेवरून माझ्याकडं बघायलेत.

चिकित्सक_परभणी
सापडलं. टॉवरवर गर्दी असली की वेग वरखाली होतो, कधी अर्धा, कधी दोन, कधी एकदम शून्य. बरोबर ०.०६ वर खिळून बसला म्हणजे कंपनीनं मुद्दाम आवळलाय. दिवसाचा कोटा संपला की बऱ्याच प्लॅनमध्ये ६४ केबीपीएस मिळतं, मेगाबिटमध्ये ते ०.०६. काड्या सिग्नल दाखवतात, कोटा दाखवत नाहीत. बाराला नवा कोटा सुरू होतो, म्हणून लोणी. तुमचा प्लॅन रोज दीड जीबीचा आहे का?

केजचा_शेतकरी
हो दीडचाच. पण संपेल कसा? आण्णा अर्धा-पाऊण तास बातम्या बघतात, तेवढंच. दिवसभर टीव्ही बंद असतो, फोन माझ्यासंगं रानात असतो ना.

चिकित्सक_परभणी
आणि सकाळी?

केजचा_शेतकरी
सकाळी आई कीर्तन लावते, पाच ते सात. पण ती बघत नाही, नुसतं ऐकते. ती चुलीपाशी असते, टीव्ही पुढच्या खोलीत. ते धरू नका.

चिकित्सक_परभणी
आई बघत नाही, कंपनी मात्र मोजते. ४८० च्या चित्राला सेकंदाला साधारण एक मेगाबिट धरा. तासाचे ३६०० मेगाबिट, भागिले आठ, ४५० एमबी. दोन तासांचं कीर्तन ९०० एमबी. दीड जीबीतले उरले सहाशे. रानात तुम्ही काय बघता?

केजचा_शेतकरी
थोडे रील.

चिकित्सक_परभणी
थोडे म्हणजे चारशे एमबी धरतो, जास्त बोलत नाही. उरले दोनशे. त्यात बातम्या चालतील सत्तावीस मिनिटं. टीव्ही सातला लावता का?

केजचा_शेतकरी
सातलाच.

धोंडीराम_हिंगोली
😂😂 तरी स्टॅबिलायझर घ्याच.

वायरमन_लातूर
मी पहिल्यांदाच नेट कुठलं विचारायला पाहिजे होतं, चुकलं माझं. पण आता उपाय ऐका. मॅच एचडीत बघायची तर सेकंदाला पाच मेगाबिट लागतात, म्हणजे तासाला सव्वादोन जीबी. कोट्याच्या फोनवर टीव्ही चालवणं म्हणजे घागरीनं ऊस भिजवणं. गावात फायबर आहे का?

केजचा_शेतकरी
पंचायतीपर्यंत वायर आलीय. तिथून आमच्या वस्तीपर्यंत दीड किलोमीटर. चौकशी केली तर म्हणाले दहा-बारा घरं गोळा करा, मग बघू. गोळा करतो, पण ते काय आठवड्यात होत नाही.

जुने_गुरुजी
जुन्या डिशची छत्री विकली की आहे?

केजचा_शेतकरी
माळवदावर आहे. कबुतरं बसतात.

जुने_गुरुजी
मग नव्या छत्रीचा खर्च वाचला. फक्त फ्री डिशचा बॉक्स आणा. छत्री तीच चालते, वरचा एलएनबी (छत्रीसमोरचा सिग्नल पकडणारा डबा) पण बहुतेक वेळा चालतो. फक्त तोंड फिरवावं लागेल. फ्री डिश जीसॅट-१५ वर आहे, ९३.५ अंश पूर्व. आपल्या भागातून ते बरोबर आग्नेयेला येतं, आणि क्षितिजापासून साधारण ६० अंश वर. आग्नेय म्हणजे ज्या कोपऱ्यात तुमच्या आईची चूल असेल ती दिशा. मध्ये लिंबाची फांदी येत नाही ना बघा. एकानं वर नट सैल करून बोटभर-बोटभर सरकवायचं, दुसऱ्यानं खाली सिग्नलची पट्टी बघून ओरडायचं. घाई केली की उपग्रह हुकतो.

नांदेडचा_पंकज
आणि मॅच? आण्णा मॅच बघत असतील तर परत अ‍ॅपच लागणार.

चिकित्सक_परभणी
भारताचे वन-डे आणि टी-२० दिसतात. २००७ च्या कायद्यानं खासगी चॅनलला ते सिग्नल प्रसार भारतीला द्यावे लागतात, आणि २०१७ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर ते दूरदर्शनच्या स्वतःच्या प्रक्षेपणावर आणि फ्री डिशवरच दाखवता येतात. आयपीएल त्या कायद्यात येत नाही.

केजचा_शेतकरी
आयपीएल आण्णाच बघत नाहीत. "कोण कुणाकडून खेळायलाय तेच कळंना" म्हणतात.

भविष्यवेध
प्रसार भारतीनं २०२४ च्या नोव्हेंबरात वेव्हज अ‍ॅप काढलंय, फुकट आहे, त्यात दूरदर्शन दिसतं. छत्री फिरवत बसण्यापेक्षा ते टाका.

चिकित्सक_परभणी
अ‍ॅप फुकट आहे, डेटा फुकट नाही. हा धागा पहिल्यापासून वाचा.

केजचा_शेतकरी
चार दिवसांनी लिहायलोय. बॉक्स आणला. मी माळवदावर आणि आण्णा खाली, असं ठरलं होतं. आण्णा म्हणाले तू खाली थांब, तुला दिशा कळत नाही. सत्तरीचा माणूस शिडीवर चढला. पाऊण तास लागला, पण सह्याद्री लागलं. संध्याकाळच्या बातम्या पूर्ण बघितल्या. बातम्या झाल्यावर पण बंद करू देईनात.

फक्त आईचं जमंना. तिचे महाराज यूट्यूबवरच आहेत, फ्री डिशवर येत नाहीत. मग पहाटे फोन तिलाच देतो. टीव्हीला न लावता तिथंच चुलीपाशी ठेवते, चित्र १४४ वर करून दिलंय. रानातले रील बंद केलेत. जवळजवळ.

वायरमन_लातूर
फायबरची दहा घरं गोळा झाली का?

केजचा_शेतकरी
सहा झाली. चार जण म्हणायलेत आम्हाला पण आधी छत्री फिरवून द्या. आण्णा उद्या दोन घरी जायलेत.

सेलूची_वैशाली
माझा ४३ इंची आहे, त्यात पण रात्री असंच गोल फिरतं. कुणी सांगेल का काय करावं?

वायरमन_लातूर
ताई, नेट कुठलं ते आधी सांगा.