खाजगीकरणातून आलेला पैसा: ‘महसूल’ म्हणायचं की आणखी काही?

रानवारा: युक्रेनच्या अर्थव्यवस्थेवरचा एक लेख मराठीत करतोय, सोव्हिएत काळ संपल्यावर सरकारी कारखाने विकले त्याबद्दल. त्यात सारखं येतं की सरकारला खाजगीकरणातून अमुक इतका ‘रेव्हेन्यू’ मिळाला. मी सरळ ‘महसूल’ लिहीत सुटलो होतो पण वाचताना खटकतंय, महसूल म्हटलं की माझ्या डोळ्यापुढे तलाठी, सातबारा आणि शेतसारा येतो. उत्पन्न लिहू का? की निर्गुंतवणूक?

शेवंता: ‘महसूल’ चालेल की. आता पेपरात कंपनीचाही महसूल असतो, मोबाईलवाल्यांचाही असतो. शब्द पसरलाय, उगाच का अडवायचा. आणि ते खाजगी की खासगी, दोन्ही बरोबर आहे, लेखात एकच ठेवा म्हणजे झालं.

अंकगणिती: शेवंताताई, कंपनीला म्हणा खुशाल, पण सरकारच्या बाबतीत हा शब्द वापरला तर वाचकाची चक्क फसवणूक होते म्हणून जरा लांबण लावतो. आपल्याकडे पीक विकून पैसा आला तर ते उत्पन्न, वावर विकून आला तर त्याला कुणी उत्पन्न म्हणत नाही, पैसा तेवढाच हातात येतो पण पुढच्या वर्षी विकायला काही उरत नाही. सरकारचंही तेच. कर, जकात, दंड हे दरवर्षी येणारं, तो महसूल. कारखाना विकला ती जमा, फार तर ‘भांडवली जमा’ म्हणा, आपल्या बजेटमध्ये निर्गुंतवणुकीची रक्कम तिथेच दाखवतात. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या २००१ च्या सरकारी हिशेबाच्या पुस्तिकेतही सरकारी भाग विकून आलेला पैसा महसुलात धरत नाहीत, तूट कशी भरून काढली त्या बाजूला धरतात.

आणि तुमचा लेख युक्रेनचा आहे तर क्रिव्होरिझस्तालचं उदाहरण त्यात असणारच. प्रचंड पोलाद कारखाना, त्यातला सरकारचा ९३.०२ टक्के हिस्सा जून २००४ मध्ये ४.२६ अब्ज रिव्हन्याला (रिव्हन्या हे तिथलं चलन), म्हणजे साधारण ८० कोटी डॉलरला गेला, घेणारे कोण तर रिनात अख्मेतोव्ह आणि व्हिक्टर पिंचूक यांचा गट, आणि हे पिंचूक म्हणजे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष कुचमा यांचे जावई. परदेशी कंपन्या जास्त पैसे द्यायला तयार होत्या पण लिलावाच्या अटीच अशा घातल्या होत्या की त्या बाहेरच राहाव्यात. मग ऑरेंज क्रांती झाली, म्हणजे निवडणुकीतल्या गैरप्रकारांविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले, नवं सरकार आलं, कोर्टाने तो सौदा रद्द केला आणि २४ ऑक्टोबर २००५ ला पुन्हा लिलाव पुकारला, या वेळी टीव्हीवर, सगळ्या देशासमोर. १० अब्जांपासून बोली सुरू झाली, तिघे बोली लावणारे, चढत चढत २४.२ अब्ज रिव्हन्याला लक्ष्मी मित्तल यांच्या कंपनीने उचलला. ४८० कोटी डॉलर! तोच कारखाना, मध्ये दीड वर्षसुद्धा गेलं नव्हतं.

आता हे २४.२ अब्ज तुम्ही ‘महसूल’ म्हणून लिहिलेत तर वाचकाला वाटेल २००५ मध्ये युक्रेनची कमाई वाढली. या पैशाने दरवर्षीची कमाई वाढली नव्हती, तो एकदाच आला. शिवाय आधीच्या खरेदीदारांचे ४.२६ अब्ज परत करायचे होते, म्हणजे ‘एकूण जमा’ आणि ‘निव्वळ जमा’ हेही वेगळं लिहावं लागेल.

शेवंता: हे पटलं. मग ८० कोटीला गेला त्याला काय म्हणाल, पडेल भावात विकला?

अंकगणिती: नाही हो, पडेल भाव म्हणजे बाजारच पडलाय किंवा मालकाची गरज आहे म्हणून भाव उतरला. इथे गिऱ्हाईक दारात उभं होतं. ‘कवडीमोलाने दिला’ म्हणा, नाहीतर सरळ ‘घशात घातला’. रशियन लोकांनी तर यासाठी शब्दच घडवलाय, ‘प्रिखवातिझात्सिया’, प्रिवातिझात्सिया म्हणजे खाजगीकरण आणि त्यात ‘हिसकावणं’ मिसळलेलं. तिथे १९९५ मध्ये सरकारने तेल कंपन्यांचे शेअर बँकांकडे तारण ठेवून कर्ज घेतलं, फेडलं नाही, आणि ज्यांच्याकडे तारण होतं तेच लिलाव करणारे आणि तेच घेणारे. त्यातल्याच सिबनेफ्ट या तेल कंपनीचा ५१ टक्के हिस्सा १० कोटी डॉलरच्या आसपास गेला, २००५ मध्ये गॅझप्रॉम या सरकारी वायू कंपनीने जवळपास ७३ टक्के घेतला तेव्हा १३ अब्ज डॉलर मोजले. याला मराठीत ‘विक्री’ लिहूच नये, ‘गहाण बुडालं’ हेच खरं, खेड्यात सावकाराकडे जमिनी गेल्या त्या अशाच.

रानवारा: लेखात १९९२ च्या रशियन व्हाउचरचाही उल्लेख आहे. त्याला?

अंकगणिती: ते वाटप. प्रत्येक नागरिकाला १०,००० रुबल छापलेलं व्हाउचर, म्हणजे कारखान्यांचे शेअर घेण्यासाठीची चिठ्ठी, नाममात्र शुल्कात दिलं, तिजोरीत म्हणावं असं काही आलं नाही. म्हणून तिथे जमा शब्दही नको. आणि ‘निर्गुंतवणूक’ कुठेच नको, तो आपल्या बजेटचा शब्द आहे, त्यात सरकार थोडा थोडा हिस्सा सोडतं असा वास येतो, तिथे तर अख्खे कारखाने गेले.

शेवंता: उलटंही होतं बरं. पूर्व जर्मनीचे कारखाने विकायला ट्रॉयहांड नावाची संस्था होती, तिचे प्रमुख रोहवेडर यांनी ६०० अब्ज मार्कांचा माल आहे असा अंदाज केला होता, १९९४ च्या शेवटी संस्था बंद झाली तेव्हा अंगावर २०० अब्जांहून जास्त कर्ज. कितीतरी कारखाने एकेक मार्काला दिले. तिथे ‘खाजगीकरणाचा खर्च’ असंच लिहावं लागेल.

रानवारा: बदलतो सगळं. शेवटचं एक, क्रिव्होरिझस्तालच्या दुसऱ्या लिलावाला मूळ लेखात पुन्हा केलेलं खाजगीकरण अशा अर्थाचा शब्द आहे. ‘फेरविक्री’ करू?

अंकगणिती: फेरविक्रीत मधला कोर्टाचा भाग गळतो, पहिल्याच मालकाने पुढे विकल्यासारखं वाटतं. ‘सौदा रद्द करून फेरलिलाव’ असं लिहा, लांब होईल पण कारखाना आधी सरकारकडे परत आला हे वाचणाऱ्याला कळेल.