कामात एक नंबर, पण सुपरवायझर व्हायला तयार नाही. अशा बाईला कसं तयार करायचं?

काजूगर_सावंतवाडी:

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या. मी सावंतवाडी तालुक्यात एका काजू युनिटमध्ये आहे, आधी फक्त हिशोब बघायचे, आता मॅनेजरचं पण मीच बघते. आमच्याकडे बॉयलर आणि ड्रायरला पुरुष, बाकी कटिंग, सोलणं, ग्रेडिंग, पॅकिंग सगळीकडे बायकाच. पण सुपरवायझर आजपर्यंत कायम पुरुष. यंदा मालक स्वतःहून म्हणाले ग्रेडिंगला बाई चालेल, तूच बघ कोणाला तयार करतेस ते. माझ्या डोक्यात लगेच एकच नाव आलं. तिला इथे मावशी म्हणूया. चाळिशी ओलांडलेली, आठवी पास, आणि नजर अशी की 240 आणि 320 एकत्र ओतून दिले तरी गप्पा मारता मारता वेगळे करून ठेवते. (माहीत नसेल त्यांच्यासाठी, 240 म्हणजे एका पाउंडात 220 ते 240 गर आणि 320 म्हणजे 300 ते 320, बघायला फरक एवढासाच पण भावात चांगलाच लागतो.) नवीन मुली अडल्या की सुपरवायझरला विचारत नाहीत, हिलाच विचारतात, टेबलावरची भांडणं पण हीच मिटवते. म्हणजे काम ती करतेच आहे, फक्त नाव नाही.

तर केबिनमध्ये बोलावून विचारलं तर म्हणाली, "नको गो बाय, माका असाच बरा आसा, ती कटकट माका नको." मग आम्ही एक ट्रेनिंग ठेवलं, बाहेरून मॅडम आल्या, प्रोजेक्टर लावला, 'मी करू शकते' असं सगळ्यांकडून मोठ्याने म्हणून घेतलं, फोटो, सर्टिफिकेट, सगळं झालं. मावशी पूर्ण वेळ मागे चहा गाळत होती.

हे मेंटॉरिंग म्हणतात ते नक्की करतात कसं? मालक थांबतील पण फार नाही, नेहमीचा माणूस आहेच त्यांच्याकडे.

रत्नागिरीची_काकू:

केबिनमध्ये बोलावून विचारलंस तिथेच उत्तर ठरलं गो. केबिनमध्ये कामगार बाईला एरवी कधी बोलावतात? चूक काढायला नाहीतर सुट्टी नाकारायला. बाहेर विचार, चालता चालता, आणि 'होशील का' असं नको, 'झालीस तर काय काय अडेल' असं विचार.

मी बँकेत होते, आता रिटायर. आमच्याकडे क्लार्कची ऑफिसर होणं म्हणजे बदली आलीच, रत्नागिरीतून उचलून कुठे टाकतील नेम नाही. घरात पोरं शाळेत, सासूबाई अंथरुणाला, मग माझ्यापेक्षा हुशार असलेल्या कितीतरी जणी प्रमोशनच्या परीक्षेचा फॉर्मच भरायच्या नाहीत. आणि लोक काय म्हणायचे? बायकांना महत्त्वाकांक्षाच नसते. अहो महत्त्वाकांक्षा होती, दुपारी सासूबाईंना जेवण कोण भरवणार ते ठरत नव्हतं.

मला ज्यांनी घडवलं त्या मॅडमनी उपदेश म्हणून एक वाक्य कधी सांगितलं नाही. कर्जाची फाईल पुढ्यात टाकायच्या, यात खोट कुठे आहे शोधून ठेव म्हणायच्या आणि जेवायला जायच्या. आणि वरून फोन आला, अमुक कर्ज कोणी बघितलं, की 'तिलाच विचारा, तिने बघितलंय' म्हणून रिसीव्हर माझ्या हातात. पहिल्यांदा घशाला कोरड पडली होती. पण साहेबांना माझं नाव त्या फोनमुळे माहीत झालं, माझ्या कामामुळे नाही, काम तर मी आधीपासून करतच होते. तू मालकांसमोर मावशीचं नाव किती वेळा घेतेस?

लोटे_बी_शिफ्ट:

काकूंना नमस्कार, पण मी जरा वेगळं बोलतो. सगळ्यांनाच लीडर व्हायचं नसतं हो. माणूस नाही म्हणाला म्हणजे नाही, त्याच्या मागे काय लागायचं. आमच्या केमिकल कंपनीत पण हल्ली दर तीन महिन्यांनी कोणीतरी येऊन लीडरशिप शिकवून जातो, प्लांटवर फरक शून्य.

दुसरं, ताई तुम्ही एवढं लिहिलंत पण पैशाचं काहीच लिहिलं नाही. ग्रेडिंगवाल्या बायकांना किलोवर मिळतं ना? मग तुमची मावशी सगळ्यात फास्ट म्हणजे सगळ्यात जास्त तीच कमावत असणार. सुपरवायझर केलं की फिक्स पगार. हिशोब करून बघा, कदाचित तुम्ही तिला प्रमोशनच्या नावाखाली कमी पैशात जास्त डोकेदुखी देताय.

काजूगर_सावंतवाडी:

@लोटे_बी_शिफ्ट हो, किलोवरच आहे. हे डोक्यात आलं नव्हतं, काढते हिशोब.

गुहागरकरीण:

मी गावची माजी सरपंच. 2011 ला राज्यात पंचायतीत बायकांना निम्म्या जागा झाल्या, नंतर आमच्या गावची सीट महिला पडली म्हणून घरच्यांनी मला उभं केलं. उघडच सांगते, मी उभी राहिले नाही, मला उभं केलं. कारभार घरचे पुरुष बघणार आणि मी सही करणार असं ठरलेलंच. तेव्हा ग्रामपंचायतीच्या चेकवर सरपंच आणि ग्रामसेवक दोघांची सही लागायची, तर घरून सल्ला काय, की कोऱ्या चेकवर सह्या करून ठेव म्हणजे सारखं जायला नको.

आमच्या वाडीत एक रिटायर्ड शाळेच्या बाई होत्या. त्यांनी एकच केलं, रोज संध्याकाळी मला पंचायतीची रोकड वही घेऊन बसवलं. जमा कुठे, खर्च कुठे, पाणीपट्टी किती थकली, कोणाची थकली (हे वाचल्यावर गावातली बरीच मोठी माणसं मला एकदम लहान दिसायला लागली 😄). आकडे कळायला लागले तसं बोलायला यायला लागलं. त्याआधी मला वाटायचं की मी लाजरी आहे. लाजरी बिजरी काही नाही, विषयच माहीत नव्हता तर बोलणार काय. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायचा नियमच आहे, आमच्याकडे ती फक्त कागदावर व्हायची. बाई म्हणाल्या खरी घे. तिथे आपल्याच बायकांसमोर पाण्याचा विषय एकदा बोलून झाला की दुसऱ्या दिवशी मोठ्या सभेत तोच विषय बोलायला जीभ अडखळत नाही.

तुमच्या मावशी आठवी पास म्हणताय, मग रजिस्टर आणि मोबाईलवरचे रिपोर्ट याची धास्ती असू शकते, ती कोणी तोंडाने सांगत नाही. रिपोर्ट इंग्रजीत जातो का? मराठीत केला तर कोणाचं बिघडतं?

उमेद_वेंगुर्ला:

सगळ्यांचं वाचलं, छान चाललंय. मी गावात सीआरपी आहे, म्हणजे उमेद अभियानाची गावातली कार्यकर्ती, बचत गटांचंच काम. लोटेवाले दादा, 'माणूस नाही म्हणाला म्हणजे नाही' हे पटतं, पण आमच्या गटात अध्यक्ष निवडायच्या दिवशी पहिल्यांदा सगळ्याच नाही म्हणतात! पहिला नकार हा रिवाज असतो, लगेच हो म्हणणारी बाई पुढेपुढे करणारी ठरते गावात. दुसऱ्या तिसऱ्या वेळेला काय म्हणते ते खरं.

आमच्याकडे सुरुवातीला वर्धिनी यायच्या, म्हणजे दुसऱ्या भागातल्या गटाच्या बायका, आपल्यासारख्याच, गावात राहून घरोघरी फिरायच्या. त्यांची भाषा वेगळी, कोकणातले चढउतार चढताना दमायच्या बिचाऱ्या, पण साहेबांनी सांगून जे पटलं नव्हतं ते त्यांनी स्वतःच्या कर्जाचं आणि शेळ्यांचं सांगितलं तेव्हा पटलं. त्यामुळे माझं म्हणणं, मावशीला एकदा दुसऱ्या युनिटमध्ये घेऊन जा जिथे बाई सुपरवायझर आहे, आणि तुम्ही बाहेर थांबा, त्या दोघींना बोलू दे. नाहीतर वेंगुर्ल्याला या, मांडवी खाडीत कांदळवन सफारी आहे ती स्वामिनी गटाच्या बायका चालवतात. होडी त्याच वल्हवतात आणि कांदळवनाच्या जातींची माहिती पण पर्यटकांना त्याच देतात. ऐकताना वाटतं का की या बायकांना कधी बोलायची भीती वाटली असेल?

काजूगर_सावंतवाडी:

अपडेट देते. काकूंचं ऐकून मावशीबरोबर एसटीच्या थांब्यापर्यंत चालत गेले आणि अडचण काय ते विचारलं. बाईने एका दमात सगळं सांगितलं, जणू उत्तरं तयारच होती, विचारणारं कोणी नव्हतं. एक, सुपरवायझरला माल मोजून, कुलूप लावून मग निघावं लागतं आणि तोवर तिच्या गावाची शेवटची गाडी गेलेली असते. दोन, पैसे. लोटेवाले दादा तुमचा अंदाज बरोबर, सीझनला ती किलोवर जेवढं कमावते त्यापेक्षा फिक्स पगार कमीच भरतो. आणि तिसरं मला अजिबात माहीत नव्हतं. आधीच्या सुपरवायझरच्या वेळी मालात घट आली तेव्हा त्याच्या पगारातून कापले होते असं बायकांमध्ये बोललं जातं. "तुज्या मालकाचो काजू उंदरान खाल्ल्यान तर मी खंयसून भरू?" असं तिने मला विचारलं आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मालकांशी बोलले. संध्याकाळची मोजणी अर्धा तास आधी करायला ते तयार झाले. पगार किलोच्या सरासरीपेक्षा कमी पडणार नाही हे पण मान्य, कुरकुरत. घटीचं मात्र 'बघू' म्हणाले. गुहागरच्या ताई, रजिस्टर मराठीत केलंय, मावशी घरी नेऊन मुलीकडून कॉलम समजून घेते असं कळलं, मला सांगितलं नाही तिने.

आता नवीन प्रश्न. मावशी म्हणते एकटी नको, तिच्या शेजारी बसणारी दुसरी एक आहे तिला पण घ्या, आम्ही दोघी मिळून बघतो. असं एका पोस्टवर दोघी चालतं का कुठे?

रत्नागिरीची_काकू:

चालतं, का नाही चालणार. आठवड्याआड पाळी ठेव आणि ज्या आठवड्यात जिची पाळी तिचीच सही, म्हणजे जबाबदारी एकमेकींवर ढकलली जाणार नाही. पण घटीचं 'बघू' वर सोडू नकोस हां. नैसर्गिक घट किती टक्के धरायची ते मालकांकडून लिहून घे, त्याच्या वर गेली तर चौकशी, थेट कपात नाही. ते मिळाल्याशिवाय मावशीला सही करू देऊ नकोस.

लोटे_बी_शिफ्ट:

+१ काकू. आणि मालक जेव्हा त्या कागदावर बोलायला बसतील तेव्हा मावशींना पण बसवा ताई, उंदराचा प्रश्न त्यांनीच विचारू दे.