मुलांसोबत पहिल्यांदाच तंबूत राहायचंय: तलावाकाठी की नदीकाठी?

काठावरची
मुलं नऊ आणि बारा वर्षांची. दोन रात्री तंबूत राहायचं, भरपूर पोहायचं आणि थोडं रानात चालायचं, एवढाच बेत आहे. एक उद्यान तलावाकाठी आहे, दुसरं नदीकाठी. नदीकाठच्या फोटोत पाण्याला अगदी लागून, वाळूवर तंबू दिसतात आणि धाकटा त्यावरच अडून बसलाय. दोघांनाही पोहता येतं, पण तरणतलावात शिकलेलं. उघड्या पाण्यात कधी उतरलेली नाहीत. अनुभव असलेल्यांनी कृपया सांगा.

पाणवाट
ताई, पोहायला तलाव आणि काठाकाठाने चालायला नदी, असं माझं स्पष्ट मत आहे. पण खरं तर 'वाळूवर तंबू' हे वाचलं आणि लिहिल्याशिवाय राहवेना.

आम्हीही एकदा असाच वाळूवर तळ टाकला होता. आभाळ निरभ्र, चांदणं पडलेलं. झोपण्याआधी मी पाण्याच्या कडेला एक काडी रोवून ठेवली होती. मध्यरात्री उठून बॅटरी मारली तर काडी हातभर पाण्यात गेलेली, आणि पाण्यावरून सुकी पानं, काटक्या वाहत येत होत्या. वरच्या अंगाला कुठेतरी पाऊस कोसळला होता, आमच्याकडे थेंबही नव्हता. झोपलेल्या मुलांना उचललं, अंथरुणं गोळा केली आणि धावत चढ चढलो. सकाळी आमच्या चुलीच्या दगडांवरून पाणी वाहत होतं. ती काडी नसती तर काय झालं असतं, हे मी आजही मनात आणू शकत नाही.

म्हणून सांगतो, नदीकाठी पोहोचलात की आधी झाडाझुडपांकडे बघा. फांद्यांत वाळलेलं गवत, काटक्या, चिंध्या अडकलेल्या दिसतील. पूर तिथवर चढलेला असतो. तंबू त्याच्याही वर लावायचा. नितळ पाणी गढूळ झालं, कचरा वाहत आला, खळखळीचा आवाज बदलला, तर सामान सोडा आणि वर जा. वर धरण असेल तर पावसाशिवायही पाणी वाढतं. ते कधी सोडतात हे उद्यानाच्या कचेरीत आधीच विचारून घ्या.

डुंबणारी
पाणवाट यांच्याशी सहमत, पण तलाव म्हणजे बिनधोक असं समजू नका. उन्हाने वरचं पाणी कोमट होतं आणि थोडं खाली गेलं की पाय एकदम गारठतात. हवेपेक्षा पाणी अंगातली ऊब सुमारे 25 पट वेगाने ओढून घेतं. थंड पाण्यात धप्पकन उडी मारली की श्वास आपोआप आत ओढला जातो, आणि त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर घात होतो. मुलांना काठावरून चालत, हळूहळू उतरवा. 'श्वास लागला तर आधी उताणं पडून तरंगायचं, मग पोहायचं' हे उथळ पाण्यात चार वेळा करून घ्या.

सूर मारायचा नाही म्हणजे नाही. वरून बघताना चार फूट खोल पाणी तीन फुटांसारखं दिसतं आणि तळाशी दगड आहे की ओंडका, ते तर दिसतच नाही. हिरवा रंग सांडल्यासारखा थर दिसला तर त्या दिवशी पोहणं रद्द करा. तसल्या शेवाळाचं विष पाणी उकळूनही जात नाही.

आणि मोठ्यांपैकी एकाने फक्त मुलांकडे बघत बसायचं, फोन बाजूला ठेवून. बुडणारं मूल हाका मारत नाही. तोंड पाण्याबाहेर ठेवण्यातच त्याचा सगळा जीव गुंतलेला असतो.

रानवाटसरू
नदी अगदीच बाद करू नका. वळणावर आतल्या बाजूला पाणी उथळ आणि संथ असतं, मुलांना गुडघाभर पाण्यात खेळायला तेवढं पुरे. बाहेरची बाजू खोल आणि ओढीची, तिकडे फिरकू देऊ नका. पाण्यात आडवं पडलेलं झाड दिसलं तर त्याच्या वरच्या अंगाला कुणीच उतरायचं नाही. पाणी फांद्यांतून निघून जातं, माणूस अडकतो.

काठावरची
मनापासून आभार. तलावच ठरवला. धाकट्याला काडीची गोष्ट वाचून दाखवली, तर म्हणाला, 'मीपण काडी रोवणार.' एकच विचारायचं राहिलं: तिथे तरी तंबू पाण्याजवळ चालेल ना?

पाणवाट
तिथेही 60 मीटर तरी लांब, म्हणजे मोठ्या माणसाची 80 पावलं. रात्री गार हवा खोलगट जागेत उतरून साचते, सगळं दवाने चिंब होतं. थोडी उंच, सपाट जागा घ्या आणि वर वाळकी फांदी लोंबत नाही ना, तेवढं मान वर करून बघा. धाकट्याला काडी जरूर रोवू द्या.