पहाटेची धडधड: माझा अनुभव

ताई, रात्री तीनला जाग येते, छाती धडधडते आणि ईसीजी मात्र नॉर्मल येतो, असं तुम्ही लिहिलंत. वाचून गलबलून आलं. घबराटीची ही धडधड मी दोन वर्षं काढलीय.

इथे गोव्यात रायबंदर-चोडण फेरीबोटीवर एकदा भर मध्यावर हात गार पडले, घशाला कोरड पडली, वाटलं आता संपलं. शेजारी टोपली घेऊन बसलेल्या मासळीवाल्या मावशीने "बस रे पुता" म्हणत जागा दिली. मी कठड्याचं गार लोखंड घट्ट धरलं आणि काठाची खारफुटी बघत श्वास मोजू लागलो: चार आकड्यांत आत, सात आकड्यांत बाहेर. उच्छ्वास लांबला की हृदयाचे ठोके मंदावतात, हे मला नंतर डॉक्टरांनी समजावलं. बोट धक्क्याला लागेपर्यंत थरथर बरीच उतरली होती. पण हा सराव बरं वाटत असतानाच रोज करा, ऐनवेळी आठवत नाही.

संध्याकाळचा चहा मी सोडला. झोपेसाठी दोन घोट घ्या, असं आपल्याकडे कुणीही सहज सांगतं. कृपा करून नको. दारूचा अंमल उतरताना तीच धडधड दुप्पट होऊन पहाटे उठवते.

आणि डॉक्टरांकडे जायला लाजू नका. बांबोळीला सरकारी मानसोपचार संस्था आहे, ओपीडी चालते. रात्रीच बोलावंसं वाटलं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत. थायरॉईड तपासलंत का? माझी पहिली तपासणी तीच झाली होती.