ड्रीमविव्हर: टेम्पलेट कुठे ठेवायचं?
टेम्पलेट, म्हणजे वेबसाइटच्या पानांचा सामायिक साचा, डेस्कटॉपवर आणि पानं भलत्याच फोल्डरमध्ये, मग साच्यात मेनू बदलला तरी पानं जुनीच दिसणार. ड्रीमविव्हर या वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरचा इथे हट्टच आहे: आधी ‘न्यू साइट’ करून प्रकल्पाचं मूळ फोल्डर दाखवा. टेम्पलेट सेव्ह केलं की त्यातच ‘टेम्पलेट्स’ फोल्डर तयार होतं. डीडब्ल्यूटी फाइल, म्हणजे टेम्पलेटचीच फाइल, तिथेच राहू द्या, फोल्डर हलवू नका, त्यात दुसरं काही कोंबू नका. लिंकचा पत्ताही हाताने टाइप करण्यापेक्षा फोल्डरच्या चिन्हावरून फाइल निवडा. टेम्पलेट एक फोल्डर आत असतं, त्यामुळे हाताने टाकलेल्या पत्त्यात घोळ होतो. आणि टेम्पलेटमध्ये ‘एडिटेबल रीजन’, म्हणजे प्रत्येक पानावर बदलता येईल असा मोकळा भाग, टाकलाय ना? नाहीतर नव्या पानावर एक अक्षर लिहिता येणार नाही. सर्व्हरवर टेम्पलेट नाही चढवलं तरी चालतं, बदललेली पानं मात्र सगळी चढवा.